दुसऱ्या टोकाला

चाक थांबले होते, आणि ते का थांबले हे कुणीच कुणाला विचारत नव्हते.

थोरली दोर वळायच्या चाकाच्या मुठीवर हात ठेवून तशीच उभी होती. तिच्यासमोरच्या आकड्यातून निघालेले सूत खांबांवरच्या खुंट्यांना टेकत टेकत छपराच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत गेले होते. त्या टोकाला, कमरेभोवती घायपाताच्या वाखाचा भारा गुंडाळून, तिचा धाकटा भाऊ उभा होता. भर दुपार होती. पत्र्याखाली हवा अशी साचली होती की वाखाची तरंगती धूळसुद्धा खाली बसायला विसरली होती. भिंतीला टेकून बसलेल्या वडिलांनी, आबांनी, खोकला छातीतच दाबून धरला होता.

धाकट्याने सूत दोन बोटांत धरले होते; आजारी माणसाची नाडी बघावी तसे.

"बोलावलंस?" अखेर त्याने ओरडून विचारले.

थोरलीने आबांकडे पाहिले. आबांनी जमिनीकडे.

"नाही रे. मी हातसुद्धा लावला नाही सुताला."

"लांब ओढ होती," तो म्हणाला. "जेवायची."

लांब ओढ फक्त आईची असे, आणि आईला जाऊन वर्षे लोटली होती.

दोरातून बोलायची या घराची रीत फार जुनी. चाकाचा खडखडाट आणि मधले अंतर, यांतून माणसाचा आवाज पोचत नाही, सूत पोचते. एक हिसका म्हणजे फिरव. दोन म्हणजे थांब. पटापट तीन म्हणजे सूत तुटतेय, धाव. पोरांनी पाटीवर अक्षरे गिरवण्याआधी हे गिरवले होते. त्यात आईने स्वतःची एक भर घातली होती. स्वयंपाक झाला की ओले हात पुसत ती चाकापाशी यायची आणि आबांच्या खांद्यावरून हात पुढे घालून ताणलेले सूत हळूच, बराच वेळ ओढून धरायची. पाळण्याची दोरी ओढावी तसे. ती लांब ओढ म्हणजे जेवायला ये. पलीकडे धाकटा हसायचा. त्याचे हसू इकडे ऐकू यायचे नाही, पण सूत थरथरायचे आणि आई म्हणायची, "हसला बघा."

दोर वळणारा उलटा चालतो. कमरेच्या भाऱ्यातून बोटांनी वाख पुरवत, ओल्या फडक्याने सूत गुळगुळीत करत, एकेक पाऊल मागे. पुढे काय आहे ते त्याला दिसते, पण तो तिकडे जात नसतो. जिकडे जात असतो तिकडे त्याचे डोळे नसतात. धाकट्याच्या पाठीला ती वाट पाठ होती. वाटेत कोंबडी आडवी आली तरी न बघता पाऊल तिरके पडायचे. बोटे अशी की सुताला कुठे गाठ नाही, कुठे फुगवटा नाही. कोपऱ्यावरचा सायकलवाला तेव्हापासून एकच विनोद करत आलेला:

"आबा, जगाची पोरं पुढे गेली, तुमचा एकटाच मागे मागे चाललाय!"

"तो मागे जातो म्हणून दोर लांब होतो बाबा," आबा म्हणायचे. "तुझ्या सायकली जातात पुढे, अन् पंक्चर होऊन परत तुझ्याच दारात येतात."

थोरलीला ते दिवस आठवत ते असे: कोवळे ऊन, भिजलेल्या वाखाचा हिरवट वास, आणि दूर जाता जाता लहान होत जाणारा भावाचा चेहरा. तो दूर जात असे, पण तोंड कायम तिच्याकडे असे. लग्न होऊन ती गेली, नवरा वारल्यावर परत आली. तेवढ्या काळात त्या चेहऱ्यावरचे काहीतरी पुसले गेले होते.

ते आई गेल्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सुरू झाले होते. तेव्हा चाकावर आबा असत. एक दिवस धाकटा टोकावरून ओरडला, "आबा, जरा हळू फिरवा. शब्द कळत नाहीत."

"कसले शब्द?"

"सुतातले."

आबांनी चाक थांबवून कान दिला. दोर वळणाऱ्याच्या घरात दुसरे काय सुचणार? सूत थरथरतेय म्हणजे चाक थरथरतेय. आस झिजला असेल. त्यांनी अख्खे चाक उतरवले. सुतार बोलावला, नवा आस बसवला, आकडे घासूनपुसून काढले, बोटबोटभर वंगण भरले. हवा कोरडी म्हणून वाख दुप्पट भिजवला. कितीतरी दिवस घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी चाक लोण्यातून फिरावे तसे निःशब्द फिरू लागले. आबांनी टोकाकडे बघत विचारले, "काय, आता?"

"आता स्पष्ट ऐकू येतंय," धाकटा म्हणाला. आणि हसला.

पुढचे आबा कधी सलग सांगत नसत. सायकलवाला आपले बोलणे पंपातून ओढून घेतो असे धाकटा म्हणू लागला. जेवणाला कसला वास येतो म्हणून ताट सरकवू लागला. एका पहाटे तयार दोराचे अख्खे वेटोळे विळ्याने वीतवीतभर कापून तो मध्ये बसला होता. "अडकले होते आत," एवढेच म्हणाला. मग शहरातले इस्पितळ. डॉक्टरांनी सांगितलेले नाव, स्किझोफ्रेनिया, आबांच्या जिभेवर कधी बसले नाही. ते 'तो आजार' म्हणत. गोळ्या आल्या, नंतर महिन्याला एक सुई, जवळच्या दवाखान्यातल्या सिस्टरच्या हातची. आवाज दूर गेले. धाकटा सांगे, की आता ते पलीकडच्या गल्लीतल्या बाजारासारखे आहेत. चालू असतात, पण आपल्याला काही विकत नाहीत. तो पुन्हा टोकाला उभा राहू लागला. चालणे जड झाले, हसणे कमी झाले, आणि हात कापू लागले. सुताला गाठी येऊ लागल्या. आबा त्या बोटाने चाचपत आणि काही बोलत नसत.

असे बरे चालले होते. आणि मग या वर्षी पाऊस नावाला येऊन गेला.

दुष्काळ सगळ्यांचे काम हिरावतो. दोरवाल्याला मात्र देतो. पाणी खोल जाते तसे दोर लांब लागतात. विहिरी खोदणाऱ्या टोळीचा मुकादम स्वतः आला. जाडजूड माणूस, मानेला रुमाल, बुटांवर पांढरी धूळ. नमुन्याचा दोर त्याने हातातून हळूहळू सरकवला. एका ठिकाणी अंगठा थांबला. मग दुसऱ्या ठिकाणी.

"हे काय?"

"वाख कोरडा आहे या वर्षी," आबा म्हणाले.

"वाख कोरडा का हात?" मुकादमाने छपराच्या आत नजर टाकली. तिथे धाकटा खिळ्यांच्या फळीवरून वाख विंचरत होता. "त्याने वळलाय का हा? राग मानू नका. पण या दोराला माझी माणसं लोंबकळणार. खाली खडक, वर आभाळ, मध्ये हा. डोकं ठिकाणावर नसलेल्याच्या हातचा दोर मी कसा घेऊ?"

आबांनी फळीकडे पाहिले. मग म्हणाले, "त्याने नाही. मी वळलाय. वय झालं, हात कापतो माझा."

फळीवरचा धाकट्याचा हात थबकला. मग पुन्हा चालू झाला, आधीपेक्षा सावकाश.

"मग चांगला हात लावा," मुकादम म्हणाला. "सबंध दोर हवा. मध्ये जोड नको."

त्या संध्याकाळी ताटावर बसल्यावर आबांनीच विषय काढला. "या महिन्याची सुई राहू दे."

"आबा!" थोरलीचा घास हातातच राहिला.

"एवढा दोर होईपर्यंत. सुईनं हात कापतो त्याचा, सिस्टरच म्हणाल्या होत्या. लोकांचा जीव टांगला जाणार त्या दोराला. उद्या कुणी पडलं तर?"

"मग सिस्टरला विचारू. काही दुसरं औषध—"

"विचारायला गेलं की नाहीच म्हणतात."

धाकटा पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून बसला होता. एका हाताने धरला तर सांडत असे. "राहू दे ताई," तो म्हणाला. "मलाही बघायचंय. माझे हात अजून आहेत का."

सुई चुकली. पुढच्या महिन्याचीही चुकली. आणि हात खरेच परत आले. बोटांतून वाख पूर्वीसारखा सुटू लागला. सूत केसासारखे सरळ. एका सकाळी तो काहीतरी गुणगुणत मागे मागे जाताना थोरलीने पाहिले आणि चाक फिरवता फिरवता तिचे डोळे भरून आले. आबा भिंतीपाशी मांडी ठोकून बसले होते. "बघ," ते म्हणाले, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काय उगाच?" किती सुंदर होते ते थोडके दिवस. वरवर बघणाऱ्याला वाटले असते, की आत्ता आई हात पुसत बाहेर येईल.

आणि मग ती दुपार आली. चाक थांबले, आणि धाकट्याने विचारले, बोलावलंस?

त्या दिवशी तो जेवायला आला, पण ताटापुढे मान कलती करून बसला. शेजारच्या खोलीतले काही ऐकत असल्यासारखा. दुसऱ्या दिवशी कमी जेवला. मग सायकलवाला दारात येऊन कुजबुजला, "आबा, पोरगं सकाळी येऊन माझ्या पंपावर हात ठेवून उभं होतं. म्हणालं, माझं नाव घेणं बंद करा. मी हसण्यावारी नेलं, पण…" त्या माणसाला त्या दिवशी विनोद सुचला नव्हता.

ऊन वाढत गेले. एके दिवशी सूत वळता वळता धाकटा छपराच्या बाहेर पडला आणि वाट संपली तिथे, उघड्यावर, उभा राहिला. परत येईना. आबांनी हाक मारली, मग दरडावले, मग हात जोडले. थोरली पाण्याचा तांब्या घेऊन गेली. त्याचे ओठ फुटले होते, कानशिलावर घाम वाळून मीठ झाले होते.

"पाणी घे."

"नको."

"का रे?"

"तिनं सांगितल्याशिवाय नाही." त्याने सुताकडे बोट दाखवले. "ती सांगेल. मी हललो तर सूत सैल पडेल, मग ऐकू कसं येणार?"

"कोण सांगेल?"

त्याने तिच्याकडे असे पाहिले, की एवढे साधे हिला कळू नये!

दुपार कलायला आली तरी तो तसाच. आबा पायरीवर डोके धरून बसले. एकदा त्याचे गुडघे वाकले, पुन्हा ताठ झाले. थोरली चाकापाशी परतली. मुठीला न शिवता तिने सुतावर तळवा ठेवला. ते उन्हाने तापले होते. आईचा हात कसा पडायचा ते तिच्या हाताला ठाऊक होते, हे तिचे तिलाही त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. हळूच, बराच वेळ, तिने ते ओढून धरले.

धाकटा हलला. मान उचलली. सूत हातात गोळा करत तो सावलीत आला, तांब्या तोंडाला लावला आणि गळ्यावरून ओघळ येईपर्यंत पाणी प्याला. मग ताटावर बसला.

"बघ," आबा पुटपुटले, "आली म्हणायची."

त्यांना कळले होते की नव्हते, थोरलीने विचारले नाही.

पुढे ते सोपेच होत गेले. तो झोपत नसे. संध्याकाळी ओढ दिली की जाऊन आडवा व्हायचा. अंघोळ टाळत असे. ओढ दिली की उठायचा. एका सकाळी तो टोकावरून आपणच म्हणाला, "सुई घ्यायची का? हो असेल तर एक, नाही असेल तर दोन." तो कुणाला विचारत होता ते उघड होते. थोरलीने श्वास रोखून एक लांब ओढ दिली. त्याच दिवशी तो तिच्यासोबत दवाखान्यात गेला, बाही वर सरकवून निमूट बसला. सिस्टरने गोळ्याही पुन्हा सुरू केल्या आणि दर आठवड्याला भेटायला बोलावले. आबा दवाखान्याच्या दारात चप्पल काढून उभे होते. "चूक माझी," ते म्हणाले. सिस्टर म्हणाली, "चपला घाला आबा, फरशी तापलीय."

आठवडे गेले. हात पुन्हा कापू लागले, आणि त्याच्या डोळ्यांतली ती सावध चमक हळूहळू विझली. मुकादमाचा दोर अर्धाच झाला होता. आबा सकाळपासून गाठाळलेले सूत मांडीवर घेऊन बसले होते. एकदम म्हणाले, "पेड वाढवू."

"काय?"

"तीन पेडांचा वळतोय, चारांचा वळू. एका सुतात गाठ असली तर बाकीची भार घेतील. जाड होईल, जड होईल, पण तुटायचा नाही." आणि बऱ्याच वेळाने, सुताकडेच बघत, "हे आधी सुचलं असतं तर."

कामाला वेग आला. त्यातच एकदा आबा चाकापाशी येऊन, खालच्या आवाजात थोरलीला म्हणाले, "जरा सांग की त्याला. दोरातून. म्हणावं, सूत बारीक धर."

"आबा, ते कशासाठी केलं होतं अन् तुम्ही—"

"तुझं ऐकतो तो. म्हणजे तिचं."

तिने नको म्हणायला हवे होते. पण मुकादमाचा निरोप येऊन गेला होता, ऊन डोक्यावर होते, आणि हात सुतापाशीच होता. तिने लांब ओढ दिली आणि आबा ओरडले, "बारीक धर म्हणतेय!" धाकट्याने मान डोलावली आणि सूत बारीक धरले. दिवसभर थोरलीला आपला तळवा परक्याचा वाटत राहिला.

त्या आठवड्यात गोळ्या आणायला ती एकटीच गेली. सिस्टर कापूस गुंडाळत होती. थोरलीने उभ्या उभ्या सगळे सांगून टाकले. सांगताना सुताऐवजी पर्सचा पट्टा ओढत राहिली.

सिस्टरने कापूस बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बसा. त्या दिवशी तो उन्हात होता, पाणी घेत नव्हता. तुम्हाला जे सुचलं ते केलंत. तुमच्या जागी मी काय केलं असतं, देवाला ठाऊक. पण नंतरचं?"

"नंतर सवय झाली."

"तो खोटं बोलत नाही, हे तुम्हाला कळलंय ना? आवाज त्याला ऐकू येतो. हा डोक्यावरचा पंखा तुम्हाला ऐकू येतोय, तितका. त्याच्याशी वाद घालून तो जात नाही. पण त्याला हो ला होही मिळवायचं नसतं. मला नाही ऐकू आलं, पण तुला भीती वाटतेय का, एवढं विचारायचं. आणि आता तो बाहेर येतोय. मागच्या खेपेला मला काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, सिस्टर, मी एकेक आवाज हातात घेऊन बघतो, हा बाहेरचा का आतला. फार कष्टाचं काम आहे ते. त्यात घरचंच माणूस आतल्याचं सोंग घेऊन बोललं, तर त्याने कशाला धरून ओळखायचं?"

"सांगितलं आणि त्यानं सुई सोडली तर?" थोरली म्हणाली. "तिच्या सांगण्यावरून घेतोय तो. माझ्या नाही."

"सोडू शकतो," सिस्टर म्हणाली. "नाही सोडणार असं मी सांगणार नाही तुम्हाला."

"मग?"

"मग काय! जन्मभर चाकापाशी उभ्या राहणार आहात?"

परतताना थोरली लांबच्या रस्त्याने आली. पुढची सुई दोन दिवसांवर होती. सांगावे तर सुई जाण्याची भीती, आणि त्या विळ्याची, त्या तुकड्यांची. न सांगावे तर तो आयुष्यभर एका मेलेल्या बाईच्या हाताने जगणार, आणि तो हात आपला असणार. रस्त्याच्या कडेला आटलेल्या हौदात पोरांनी मातीची घरे बांधली होती. ती थोडा वेळ तिथे थांबली.

दुसऱ्या दिवशी मुकादम दोर न्यायला आला. त्याने अंगठा सरकवला, थांबला. "गाठी आहेतच की."

"आहेत," आबा म्हणाले. "चार पेड घातलेत."

"वळलाय कुणी?"

आबांनी छपराकडे हात केला. "त्यानं. मागच्या खेपेचाही त्याचाच होता. मी तुम्हाला खोटं सांगितलं." मग बाभळीच्या जाड फांदीवरून दोर टाकून, धोतर खोचून, मुकादमाला काही कळायच्या आत म्हातारा स्वतः त्याला लोंबकळला. पाय जमिनीवरून सुटले. खोकल्याची उबळ आली तरी मूठ सोडली नाही. खोकत खोकत ते झोके घेत राहिले.

"उतरा आबा, उतरा!" मुकादम हसू लागला. "तुम्ही वजनाला भारी नाही. मला बघू द्या." तोही लोंबकळला. फांदी करकरली, दोर नाही. त्याने दोर गाडीत टाकला. जाता जाता छपराशी थांबला, काही बोलावे असे त्याला वाटले असावे. "चांगलाय," असे हवेला म्हणाला आणि गेला.

ऊन उतरले होते. आबा आत जाऊन पडले. धाकटा पुढच्या कामाचे सूत धरून टोकालाच होता. थोरलीने मूठ सोडली आणि खांबामागून खांब ओलांडत ती अख्खी वाट चालत त्याच्यापाशी गेली.

"एवढी चालत आलीस?" तो म्हणाला. "हिसका द्यायचास की."

"तुला एक सांगायचंय."

"सांग."

"तू उन्हात उभा होतास. तेव्हाची लांब ओढ मी दिली."

ओले फडके सुतावरून फिरत होते. ते फिरतच राहिले.

"पाण्याची?"

"हो. मी."

"झोपायची?"

"मीच."

"सुईची." हा प्रश्न नव्हता.

"तीही."

त्याने फडके पिळून पुन्हा सुतावर ठेवले. मग ओठाच्या कोपऱ्यात हसू आल्यासारखे झाले. "आणि सूत बारीक धर?"

"आबांनी सांगितलं. ओढ माझी."

"तेव्हाच मला शंका आली होती," तो म्हणाला. "आईला सुतातलं काही कळायचं नाही."

थोरलीला हसू आले. तिला वाटले, सुटले मी. पण त्याने फडके खाली ठेवले.

"आणि पहिली? आबा भिंतीशी होते, मी विचारलं होतं, बोलावलंस का?"

"ती माझी नव्हती."

"आबांची?"

"नाही. कुणीच हात लावला नव्हता. खरंच."

"म्हणजे ती आतली." त्याने बोटांतल्या सुताकडे पाहिले. तिन्हीसांजेचा वारा सुटला होता आणि सूत आपोआप हलत होते. "सगळ्यांत तीच तिच्यासारखी होती, ताई."

तिला त्याला जवळ घ्यायचे होते. पण दोघांच्या मध्ये वाखाचा भारा होता, आणि तिचे हात तिला नको झाले होते.

"उद्या सुई आहे," ती म्हणाली. "मी ओढणार नाही. आता कधीच नाही. मी तुला तोंडानं विचारतेय, तुझी बहीण म्हणून. येशील ना?"

धाकट्याने सुताचे टोक उकलू नये म्हणून त्याला गाठ मारली. बोटे कापत होती, गाठ दोनदा सुटली. तिने मदतीला हात पुढे केला नाही. तिसऱ्यांदा ती बसली. मग त्याने कमरेचा भारा सोडला, झटकला, खुंटीला टांगला, आणि येतो की नाही ते न सांगताच टोकाशेजारच्या कुंपणातल्या फटीतून बाहेर पडून रस्त्याला लागला; या खेपेला तोंड पुढे, पाठ तिच्याकडे.